उलट्या बाजूने पाहिलेला सिनेमा

१९८४ च्या गणेशोत्सवातली गोष्ट. बँकेत अधिकारी होऊन मी नुकताच महाडला आलो होतो. वय पंचविशीचे, सडाफटिंग, खानावळीत दोन वेळचे जेवण. आमच्या गल्लीतल्या मंडळाने त्या वर्षी ‘सामना’ आणला होता. दोन बांबूंमध्ये ताणलेले पांढरे कापड, समोर सतरंज्या आणि मागे गुरगुरणारा प्रोजेक्टर. त्या दिवशी रोकड जुळायला उशीर झाला. मी पोहोचलो तेव्हा समोर मुंगी शिरायला जागा नव्हती. मग पडद्याच्या मागच्या बाजूला, पोरेटोरे आणि म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या त्यांच्यात जाऊन बसलो. तिथूनही चित्र दिसते, पण उलटे. पाट्यांवरची अक्षरे आरशातल्यासारखी आणि निळू फुले डावखुरे!

जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट १९७५ सालचा. पटकथा विजय तेंडुलकरांची. साखर कारखान्याच्या जोरावर गावावर राज्य करणारे हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठूनसा भरकटत आलेला दारुडा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव मास्तराला आसरा देतात, खाऊपिऊ घालतात. मास्तर मात्र एकच गोष्ट धरून बसतो. मारुती कांबळे नावाचा एक माणूस या गावात होता, त्याचे पुढे काय झाले? त्याच्या हातात सत्ता नाही, पुरावा नाही, लाठी नाही. आहे तो फक्त प्रश्न. आणि त्या एका प्रश्नाने एवढा मोठा माणूस आतून पोखरत जातो.

सिनेमा संपला, पडदा पांढरा झाला. माझ्या शेजारी बसलेली एक आजी पदराने डोळे पुसत स्वतःशीच म्हणाली, “विचारणारं कुणी पाहिजे बाबा.” मी खोलीवर गेलो आणि झोपलो. तत्त्वज्ञानाचा एक फार जुना धडा आपण गल्लीत बसून ऐकला, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हते.

तत्त्वज्ञान म्हटले की आपल्याकडे घरातली निम्मी माणसे चहा टाकायला उठतात. ते विद्यापीठातले, जाड पुस्तकांतले, नाहीतर उतारवयात कीर्तनाला गेल्यावर ऐकायचे. आपल्या सिनेमाचा जन्म मात्र तत्त्वज्ञानाच्या प्रश्नावरच झाला आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. त्याचा विषय काय? दिलेला शब्द किती पाळायचा? राज्य जाईपर्यंत? बायको-मूल विकले जाईपर्यंत? आवाजही नसलेल्या त्या चित्राने विचारलेला प्रश्न आजही सुटलेला नाही.

त्याच्याही सव्वादोन हजार वर्षांहून अधिक आधी ग्रीसमध्ये प्लेटोने एक गुहा कल्पिली होती. माणसे जन्मापासून बांधलेली, तोंडे भिंतीकडे. पाठीमागे विस्तव. विस्तवापुढून जे नेले जाते त्याच्या सावल्या भिंतीवर पडतात आणि ही माणसे त्या सावल्यांनाच जग समजतात. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला हसू आले, कारण हे तर आमच्या गल्लीतल्या सिनेमाचे वर्णन! सिनेमा म्हणजे सावली आणि बाहेरचे आयुष्य म्हणजे खरे, असाच त्याचा अर्थ मी लावला. तो किती चुकीचा होता, हे कळायला मला पुढची पस्तीस वर्षे लागली.

निवृत्तीनंतर मी महाडलाच राहिलो. पोलादपूरच्या एका स्नेह्यांच्या ओटीवर महिन्यातून एका शनिवारी आम्ही आठ-दहा जण जमतो. निवृत्त शिक्षक आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत, सरकारी दवाखान्यात तीस वर्षे काढलेल्या एक परिचारिका आहेत. घरच्या वहिनी आणि त्यांची दहावीतली नातही असते. भिंतीवर चादर लावून एखादा चित्रपट पाहायचा, मग चहा आणि गप्पा. नियम एकच आहे. सिनेमा चांगला की वाईट, हे कोणी बोलायचे नाही. “मी तिथे असतो तर काय केले असते?” एवढेच सांगायचे.

या नियमाने भल्याभल्यांची पंचाईत होते. एकदा ‘श्वास’ लावला. संदीप सावंतांच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला मिळालेला तो मान. कोकणातले आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. डोळ्यांचा कर्करोग निघतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. डॉक्टरांचा आग्रह असा, की शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला हे सांगितलेच पाहिजे. सांगायचे कोणी? आणि कसे?

आमचे गुरुजी म्हणाले, “खरे ते सांगावे. मुलाला फसवू नये.” जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ साली नेमकी हीच भूमिका टोकापर्यंत नेली होती. समोरच्याच्या भल्यासाठीसुद्धा खोटे बोलण्याचा हक्क माणसाला नाही, असे त्यांचे म्हणणे. गुरुजींनी कांट वाचलेला नाही, पण ते बोलले कांटच. यावर परिचारिका बाई शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, डॉक्टर सांगून मोकळे होतात. रात्री अडीच वाजता पोर जागे होऊन विचारते ते आम्हाला. खरे सांगायचे की नाही हा प्रश्नच नाही. सांगून झाल्यावर त्याच्या उशाशी कोण बसणार, हा प्रश्न आहे.” ओटीवर कोणी बोलेना. सिनेमातले आजोबा तेच करतात. ते मुलाला फसवत नाहीत, पण नुसते सत्य त्याच्या हातावर ठेवून निघूनही जात नाहीत. उजेड आहे तोवर त्याला जग दाखवायला घेऊन जातात. सत्याला सोबत लागते, ही गोष्ट मला कुठल्या ग्रंथात एवढ्या सरळ शब्दांत सापडली नव्हती.

दुसऱ्या खेपेला तानाजी मालुसऱ्यांवर २०२० साली आलेला हिंदी चित्रपट पाहिला. पोलादपूरकरांना हा विषय घरचा. उमरठ हे तालुक्यातलेच गाव, आणि सुभेदारांची समाधी तिथेच आहे. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, तेव्हापासून ही कथा पडद्यावर आहे. मुलाचे लग्न तोंडावर आलेले आणि कोंढाण्याची मोहीम समोर. तानाजीरावांनी काय निवडले, हे शेंबडे पोरही सांगेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांच्याकडे त्यांचा एक विद्यार्थी असाच पेच घेऊन आला होता. भाऊ लढाईत मेलेला, आई एकटी. देश सोडून मुक्तिसेनेत जावे, की आईजवळ राहावे? कुठलाही ग्रंथ याचे उत्तर देणार नाही, तुझे तुलाच निवडावे लागेल, असे सार्त्रनी त्याला सांगितले.

आमची चर्चा कर्तव्य, त्याग असे मोठाले शब्द घेऊन रंगात आली होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, “आणि रायबाच्या आईला विचारले का कोणी?” तानाजीरावांचा मोठेपणा त्याने तसूभरही कमी झाला नाही. पण निवड एकाची असते आणि तिची किंमत घरातली सगळी माणसे मोजतात, हे आम्हा पुरुषांच्या इतका वेळ लक्षातच आले नव्हते.

महाडकरांना सिनेमातला सगळ्यात जवळचा प्रश्न मात्र जब्बार पटेलांच्याच दुसऱ्या एका चित्रपटात आहे. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा तो चित्रपट. मामुट्टींनी त्यात बाबासाहेब उभे केले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तो पाहण्याआधी मी चवदार तळ्यावरून रोज बँकेत जात होतो. किती पाऊस झाला, पाणी किती चढले, एवढेच बघत होतो. चित्रपटात बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी ओंजळीत घेतात, तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला. त्या दिवशी या काठावर मी कुठे उभा असतो?

यातला तपशील कागदपत्रे हाताळलेल्या माणसाला फार बोचतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता. महाड नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे उघडे होते, आणि तरी तीन वर्षे तिथे एकाही अस्पृश्याला पाणी पिता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे पाऊल टाकत तळ्यावर गेली तेव्हा तो कागद पहिल्यांदा खरा झाला. त्यावर दंगा झाला, माणसांना मारहाण झाली, पंचगव्याच्या घागरी ओतून पाण्याची ‘शुद्धी’ झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या मनाईमुळे दुसरा सत्याग्रह थांबवावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला मार्च १९३७ उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! कायदा एक सांगतो, रूढी दुसरे सांगते, आणि न्याय या दोघांच्या मध्ये तहानलेला उभा असतो. बाबासाहेबांनी म्हटले होते, की हे नुसते पाणी पिण्यासाठी नाही, इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आहे. माणूस कशाने माणूस ठरतो, हा तत्त्वज्ञानातला पहिला प्रश्न. तो आमच्या गावात तळ्याच्या पायऱ्यांवर विचारला गेला.

कागद खरा की माणूस? याच प्रश्नावरचा, आम्हा कारकुनी जातीच्या लोकांसाठीच काढल्यासारखा एक जपानी चित्रपट आहे. अकिरा कुरोसावांचा १९५२ सालचा ‘इकिरू’. म्हणजे ‘जगणे’. वातानाबे नावाचा नगरपालिकेतला खातेप्रमुख तीस वर्षे कागदांवर शिक्के मारतो आहे. पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते तेव्हा त्याच्या ध्यानात येते, की आपण जगलोच नाही. वस्तीतल्या बायका सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन खात्याखात्यांतून हेलपाटे घालत असतात. त्या जागी मुलांसाठी बाग करायची, एवढे एकच काम तो हाती घेतो आणि तडीस नेतो. खरा चटका पुढेच आहे. त्याच्या मृत्यूनंतर जमलेले सहकारी दारूच्या भरात शपथा घेतात की आपणही असेच काम करू. दुसऱ्या दिवशी कचेरीत तेच कागद, तेच टेबल. तो प्रसंग पाहताना मी अंधारात तोंड फिरवले.

कारण शपथ घेऊन विसरलेल्यांपैकी मीही एक आहे.

गेल्या वर्षी आम्ही ओटीवर ‘सामना’ लावला. या वेळी मी पडद्याच्या सुलट बाजूला बसलो होतो. सिनेमा संपला, नियमाप्रमाणे बोलायची पाळी माझ्यावर आली, आणि चाळीस वर्षे कोणाला न सांगितलेली हकीगत मी सांगून टाकली.

१९८६ चा जानेवारी-फेब्रुवारी असेल. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. गरीब कुटुंबाला दुभत्या म्हशीसाठी कर्ज, अत्यल्पभूधारकाला तृतीयांश अनुदान, आणि मार्चअखेर उद्दिष्ट पुरे करण्याची घाई. पोलादपूरच्या एका वाडीतल्या एका आजींच्या नावावर चार हजार दोनशे रुपयांचे प्रकरण झाले. म्हैस खरेदीच्या वेळी मी जातीने हजर होतो. म्हशीचे डावे शिंग मोडलेले होते. कानात विम्याचा बिल्ला मारला, कागदावर आजींचा अंगठा घेतला आणि पैसे विकणाऱ्याच्या हाती गेले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या कर्जदारासाठी खरेदी होती. समोर म्हैस उभी केली, तिचेही डावे शिंग मोडलेले. कान फाटलेला, आणि त्यात नवा बिल्ला.

मी वरिष्ठांना सांगितले. ते म्हणाले, “तुम्ही नवीन आहात. आधी आकडा पुरा होऊ द्या.” मी सही केली.

पुढे वसुलीच्या नोटिसा गेल्या. आजी घाट उतरून काउंटरवर आल्या. म्हणाल्या, “साहेब, म्हैस दिसली ती तेवढीच. संध्याकाळी परत नेली. मग हप्ता कसला?” मला सगळे ठाऊक होते. आणि मी विचारले, “आजी, अंगठा तुमचाच आहे ना?” त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले. “माझाच,” म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

१९९० मध्ये दहा हजारांपर्यंतच्या थकलेल्या शेतीकर्जांना माफी मिळाली. त्यात हे खातेही बंद झाले. म्हणजे आजींचे कर्ज माफ झाले, विकणाऱ्याची लबाडी माफ झाली आणि माझी सहीदेखील. प्लेटोनेच आणखी एक गोष्ट सांगितली आहे. एका धनगराला अंगठी सापडते. ती फिरवली की माणूस अदृश्य होतो. कोणी पाहत नसताना माणूस न्यायाने वागेल का, असा तिथला प्रश्न. अशी अंगठी कुठे असते, असे आपल्याला वाटते. मी सांगतो, कचेरीत असते. एका सहीखाली दुसरी सही, तिच्याखाली तिसरी, असे झाले की सगळे सह्या करणारे अदृश्य होतात. दिसत राहतो तो फक्त अंगठा.

आणि हे मी ‘सामना’ पाहून दीड वर्षाने केले, हेही नमूद केले पाहिजे. सिनेमा पाहून माणूस सुधारतो असे ज्यांना वाटते त्यांनी माझा दाखला घ्यावा. सिनेमा फक्त प्रश्नाला चेहरा देतो. ‘अन्याय होतो’ असे म्हणून आपण सुटू शकतो. मारुती कांबळे म्हटले की सुटता येत नाही. पण चेहरा समोर आल्यावर त्याच्याकडे पाहायचे की खातेवहीत डोके घालायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. प्लेटोची गुहा मला आता कळते. माझ्या बाबतीत पडद्यावर होता तो उजेड होता. मी सावलीलाच सत्य समजलो ते बँकेत, खातेवहीसमोर.

माझे बोलणे संपल्यावर कोणी मला दोष दिला नाही. परिचारिका बाईंनी फक्त विचारले, “नाव काय होते त्यांचे?”

मला आठवेना. रक्कम आठवत होती, म्हशीचे शिंग आठवत होते, व्याजाचा दरसुद्धा सांगितला असता. नाव नाही. ‘सामना’ उभा आहे तो एका माणसाचे नाव कोणी विसरू देत नाही म्हणून, आणि मी नेमके तेच विसरलो होतो. घरी येऊन जुन्या डायऱ्या शोधाव्यात, तर त्या २२ जुलै २०२१ च्या पुरात गेलेल्या. सावित्रीचे पाणी ओसरल्यावर मीच त्यांचा लगदा फावड्याने बाहेर काढला होता. त्यांत नावे लिहिली होती का, हेही खात्रीने सांगता येत नाही. उद्दिष्टांचे आकडे मात्र होते.

वाडी मला आठवत होती. आमच्या कंडक्टर मित्रांना घेऊन एका सकाळी गेलो. निम्म्या घरांना कुलपे. माणसे मुंबईला असतात, गणपती-शिमग्याला येतात. एका घराच्या पडवीत साठीच्या एक बाई तांदूळ निवडत होत्या. आजी त्यांच्या सासूबाई. त्यांना जाऊन वीस-बावीस वर्षे झालेली. मी कोण, कशासाठी आलो, ते सगळे सांगितले. म्हैस परत नेली हे मला तेव्हाच ठाऊक होते, हेही सांगितले.

बाईंनी हातातले सूप खाली ठेवले. म्हणाल्या, “आत्याबाईंवर गावात कुणी विश्वास ठेवला नाही. म्हैस विकून खाल्ली, असंच म्हणायचे. घरातसुद्धा.” मग थोड्या वेळाने, “आमच्या ह्यांना फोन लावून सांगाल का हे? मुंबईला असतात. शेवटपर्यंत आईशी त्यावरून बोलले नाहीत नीट.”

कर्जमाफीने काय काय माफ होत नाही, हे मला त्या पडवीत समजले. चार हजार दोनशे रुपयांचा हिशेब सरकारने मिटवला होता. एका बाईच्या शब्दाचा हिशेब उघडाच होता, आणि तो मिटवू शकणारा एकमेव साक्षीदार खाली महाडला बसून कादंबऱ्या लिहीत होता.

फोन मी लावला. काय बोलणे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पलीकडचा माणूस बराच वेळ गप्प होता, एवढे सांगतो.

निघताना बाईंनी गुळाचा चहा दिला. मी आजींचे नाव विचारले. त्यांनी सांगितले, आणि मी ते तिथेच दोनदा म्हटले. नाव इथे छापत नाही, तो त्या घराचा हक्क आहे. पण आता ओटीवर चादर लावताना माझी पाळी आली, आणि कोणी विचारले, तर ते मला पाठ आहे.